ताप लपतो तो पंच्याहत्तर टक्क्यांच्या धाकानं

वाचकांचे प्रश्न : साथीच्या काळातलं विद्यापीठ

साथीच्या तयारीबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा वाटलं होतं की लशींबद्दल विचारतील. पत्रं आली ती वसतिगृहातून, मेसमधून, सफाई विभागातून. खालची उत्तरं सार्वजनिक आरोग्य आणि इमारत देखभाल या दोन्ही क्षेत्रांतल्या जाणकारांनी मिळून दिली आहेत. दाखले बहुतेक कोविडचे आहेत आणि साथ श्वासावाटे पसरणारी आहे असं धरलं आहे. कावीळ किंवा गॅस्ट्रोची साथ असेल तर हिशेब निराळा.

२०२० मध्ये आम्ही प्रवेशद्वारावर थर्मल गन, पायानं दाबायचे सॅनिटायझर स्टँड आणि फवारणीचा बोगदा घेतला. नव्या आराखड्यातही तीच यादी पुढे आली आहे. काय ठेवावं?
— सहायक कुलसचिव, मराठवाडा

बोगदा भंगारात द्या. माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिल २०२० मध्येच सांगितलं होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अशा बोगद्यांवर बंदी आणायला केंद्राला सांगितलं. शर्टावर फवारलेलं औषध घशातल्या विषाणूपर्यंत पोहोचत नाही. डोळे आणि कातडी मात्र चुरचुरते.

थर्मल गन ठेवायला हरकत नाही, पण तिच्या भरवशावर बसू नका. कोविडमध्ये लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग देऊ लागायचा आणि कित्येकांना ताप यायचाच नाही. त्यात आपल्याकडचं ऊन. दुपारी सायकल मारत आलेल्या मुलाचं कपाळ तापलेलंच असणार. पाच-दहा मिनिटं सावलीत बसवून, घाम पुसून, यंत्रावर लिहिलेल्या अंतरावरून (बहुतेकांचं तीन ते पाच सेंटिमीटर) मोजा. पहारेकरी हातभर लांबून मनगटावर गन रोखतो आणि ३४ अंशांचा आकडा वहीत चढवतो. त्या वहीचा आरोग्याशी संबंध नाही.

सॅनिटायझर फाटकावरून उचलून मेसच्या दारात आणि लिफ्टपाशी न्या. पण आधी बेसिनला पाणी आणि साबण आहे का ते बघा. वड्या दोन दिवसांत गायब होतात, म्हणून भिंतीला ठोकलेली द्रव साबणाची बाटली बरी. उरलेला पैसा खिडक्या, एक्झॉस्ट फॅन आणि विलगीकरणाच्या खोल्यांवर लावा.

मागच्या साथीत आमच्याकडे एका मजल्यावर सहा दिवस मुलांनी ताप लपवला. कळलं तोवर अर्धा मजला आजारी. शिस्त कशी लावावी?
— वसतिगृह अधीक्षक, पश्चिम महाराष्ट्र

शिस्तीनं हे सुटत नाही. मुलगा ताप लपवतो तेव्हा त्यानं मनात हिशेब केलेला असतो : सांगितलं तर काय जाईल? ७५ टक्के हजेरी बुडेल, प्रॅक्टिकल हुकेल, सगळ्या मजल्याचे टोमणे खावे लागतील, घरी फोन जाईल आणि ट्रंक घेऊन एसटी पकडावी लागेल. हा हिशेब बदलला तरच तो पहिल्या दिवशी दार ठोठावेल.

त्यासाठी चार गोष्टी साथ यायच्या आधी लेखी ठरवून ठेवा. पहिली, पहिल्या पाच दिवसांच्या आजारपणासाठी डॉक्टरचा दाखला मागायचा नाही. विद्यार्थ्याचं स्वतःचं निवेदन पुरे. दाखल्यासाठी तापातला मुलगा रिक्षा करून गावातल्या दवाखान्यात तासभर बाकावर बसतो आणि चार जणांना प्रसाद देऊन येतो. दुसरी, ते दिवस हजेरीच्या छेदातूनच वगळायचे. ‘नंतर बघू’ म्हटलं की मुलं ‘नाही’ असंच ऐकतात. तिसरी, प्रॅक्टिकलची जादा बॅच वेळापत्रकात आधीपासून छापलेली असावी. चौथी, आजाऱ्याला घरी धाडायचं नाही. घरी आजी-आजोबा असतात आणि वाटेत पूर्ण बस असते.

आता खोल्या. ८०० मुलांचं वसतिगृह असेल, तर एका वेळी २ टक्के आजारी धरून १६ खाटा आजाऱ्यांसाठी काढा. तिघांच्या खोल्या असतील तर प्रत्येक आजाऱ्यामागे दोन सहवासी, म्हणजे ३२ जणांना वेगळं ठेवावं लागेल. इथेच घोळ होतो. आजाऱ्याला एकट्याची खोली मिळते आणि ३२ सहवासी एका सभागृहात ओळीनं गाद्या टाकून झोपतात. उलटं करा. एकाच आजाराचं निदान पक्कं झालेली मुलं एका खोलीत राहू शकतात, त्यांच्याकडून एकमेकांना नवं काही लागायचं नाही. सहवाशांपैकी कोणाला संसर्ग झालाय आणि कोणाला नाही हे माहीत नसतं, म्हणून एकेकट्या खोल्यांची गरज त्यांना जास्त. सरकारी कागदांत आजाऱ्यांसाठी विलगीकरण आणि सहवाशांसाठी अलगीकरण असे दोन शब्द होते. बोलताना दोन्हींचं एकच झालं आणि खोल्यांचंही तेच झालं.

खोली शक्यतो मजल्याच्या टोकाची, स्वतंत्र संडास-बाथरूमची, बाहेर उघडणाऱ्या खिडकीची असावी. दार बंद, खिडकी उघडी. खिडकीत बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट बसवला तर हवा कॉरिडॉरमधून खोलीत येते आणि बाहेर जाते. दार उघडं ठेवून टेबलफॅन कॉरिडॉरकडे लावला, तर सगळी मेहनत पाण्यात. प्रत्येक खोलीत थर्मामीटर, ऑक्सिमीटर, बादली-मग, झाकणाचा कचरा डबा, पाण्याची केटल, चार्जरसाठी चालू सॉकेट आणि दारावर रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर. सॉकेट बंद असेल तर मुलगा रात्री फोन चार्ज करायला मित्राच्या खोलीत जातो.

सहवासी शोधताना मागचे दोन दिवस बघा : चोवीस तासांत मिळून १५ मिनिटं, सहा फुटांच्या आत. खोलीतले, मेसच्या टेबलावरचे, कॅरमचे, एका गाडीतून आलेले. ‘कुठे गेला होतास’ असं विचारलं की उत्तर खोटं येतं. ‘कोणाला जपायला हवं’ असं विचारून बघा.

सफाई कामगार, पहारेकरी आणि मेसमधली पोरं रोजंदारीवर असतील, तर त्यांचाही हिशेब तसाच आहे. खाडा पडला की पगार कापला जातो, म्हणून ते तापात येतात. कंत्राटातच भरपगारी आजारी रजेचं कलम घाला. ते कलम नसेल तर वरचं सगळं अर्धवट राहतं.

अमेरिकेत विद्यापीठांनी आठवड्यातून दोनदा सगळ्यांच्या चाचण्या केल्या म्हणे. आपण तसं करावं का?
— सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक, नागपूर

अर्बाना-शॅम्पेनच्या इलिनॉय विद्यापीठानं २०२० च्या ऑगस्टपासून लाळेच्या चाचणीवर हे करून दाखवलं. तरी सुरुवातीलाच रुग्ण वाढले, कारण काही विद्यार्थी पॉझिटिव्ह असल्याचं कळूनही पार्ट्यांना गेले. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठानं १० ऑगस्ट २०२० ला वर्ग उघडले आणि आठवड्याभरात पदवीचे वर्ग ऑनलाइन नेण्याची घोषणा केली. तिथे रुग्णांचे पुंजके वसतिगृहांत सापडले होते.

आपल्याकडे पैशाची गोष्ट आहे. साथ कमी असताना नमुने एकत्र करून तपासता येतात. आयसीएमआरनं एप्रिल २०२० मध्ये कमी प्रादुर्भावाच्या भागांसाठी पाच नमुन्यांपर्यंतचा पूल मान्य केला होता. शंभर मुलं म्हणजे वीस चाचण्या, त्यांतला एखादा पूल पॉझिटिव्ह आला तर त्या पाच जणांच्या वेगळ्या. साथ चढली की जवळजवळ प्रत्येक पूल पॉझिटिव्ह येतो आणि बचत संपते. घरच्या अँटिजेन किटचा निकाल ठरलेल्या मिनिटांनी वाचा. अर्ध्या तासानं उमटलेली फिकट रेघ धरायची नाही. लक्षणं असून निगेटिव्ह आलं तर आरटी-पीसीआर कराच.

सांडपाण्याची तपासणी हा स्वस्त मार्ग आहे. ॲरिझोना विद्यापीठात ऑगस्ट २०२० मध्ये एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू सापडला, तिथल्या ३११ जणांची तपासणी झाली आणि कसलीही लक्षणं नसलेले दोघे सापडले. मात्र त्या इमारतीची ड्रेनेज लाइन स्वतंत्र चेंबरपर्यंत यायला हवी. सेप्टिक टँकवर चालणाऱ्या वसतिगृहात हा नाद करू नका. टाकीत जुनं-नवं सगळं मिसळलेलं असतं, निकालावरून कालचं काही कळत नाही.

मुलगी विद्यापीठाच्या विलगीकरण कक्षात असेल, तर दवाखान्यात केव्हा हलवायचं हे तिनं कसं ओळखावं?
— एक आई, नाशिक

हे कोविडसारख्या फुफ्फुसांच्या आजारासाठी. पाच मिनिटं शांत बसून, हात गरम करून, मधलं बोट ऑक्सिमीटरमध्ये घालायचं. आकडा स्थिर व्हायला अर्धं ते एक मिनिट लागतं, पहिला चमकलेला आकडा लिहायचा नाही. नेलपॉलिश पुसलेलं हवं. मेंदीनंही आकडा चुकू शकतो, मग दुसरं बोट. ९४ आणि वर ठीक. ९३ किंवा खाली आला तर डॉक्टरांना लगेच कळवायचं, ९० च्या खाली तातडीनं रुग्णालय. श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त वेळा होत असेल, तर आकडा चांगला दिसला तरी कळवायचं.

राज्याच्या आरोग्य विभागानं सांगितलेली सहा मिनिटं चालण्याची चाचणी खरोखर उपयोगी आहे. आकडा घ्यायचा, खोलीत सपाट फरशीवर सहा मिनिटं न थांबता चालायचं, पुन्हा आकडा. ९३ च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा ३ हून जास्त उतरला किंवा धाप लागली, तर दवाखाना. बसल्या जागीच धाप लागत असेल किंवा दमा असेल, तर ही चाचणी करायची नाही.

तुम्ही रोज ठरलेल्या वेळी फोन करा आणि तिला वहीतले आकडे वाचून दाखवायला सांगा. ‘बरी आहे ना?’ म्हटलं की ती ‘हो’ म्हणणारच.

मेसमध्ये रोज ६०० ताटं होतात. दोन खुर्च्यांमध्ये काच बसवा असं सांगतात. खर्च मोठा आहे. उपयोग होईल का?
— मेस चालक, पुणे

काचेवर पैसे घालवू नका. काच शिंतोडे अडवते, पण बारीक कण धुरासारखे वरून पलीकडे जातात, आणि काचांच्या रांगांनी हवा कोंडते.

मेस हीच आवारातली सगळ्यात जोखमीची जागा आहे, कारण तिथे मास्क काढावाच लागतो आणि गप्पा चढ्या आवाजात होतात. आयआयटी मद्रासमध्ये डिसेंबर २०२० मध्ये शंभरावर रुग्ण सापडले तेव्हा वसतिगृहातली मोजकीच मुलं परतलेली होती, पण सगळ्यांसाठी एकच मेस चालू होती. माणसं कमी म्हणून एकच मेस उघडायची, हा काटकसरीचा विचार साथीत उलटा पडतो.

६०० जणांसाठी एका वेळी १०० बसवले तर सहा पंगती होतात. अर्ध्या तासाची एक धरली तरी तीन तास, आणि मध्ये हवा बदलायला वेळच नाही. म्हणून निम्म्यांना डबा द्या. ३०० डबे आणि ३०० ताटं, तीन पंगती, मध्ये पंधरा मिनिटं खिडक्या सताड उघड्या आणि पंखे चालू. कोणी कोणत्या पंगतीला बसायचं ते मजल्यानुसार कायम ठेवा, म्हणजे एकाला लागण झाली तर कोणाला शोधायचं ते कळतं. पावसाळा नसेल तर अंगणात मांडव घाला, काचेपेक्षा तो स्वस्त पडतो.

आमटीचा डाव शंभर हातांत फिरण्यापेक्षा वाढप्यानं वाढावं हे बरं. रांग लांबू देऊ नका, पंगतीपेक्षा रांगेतच मुलं जास्त खेटून उभी राहतात. ताटं गरम पाणी आणि साबणानं घासली की पुरे. ब्लीचमध्ये बुडवायची गरज नाही, स्टीलवर डाग मात्र पडतील.

आमच्या सेमिनार हॉलला चार स्प्लिट एसी आहेत. ते २४ अंशांवर ठेवले तर चालतील ना?
— विभागप्रमुख, मुंबई उपनगर

अंशांचा प्रश्न नाही. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा तुमच्या तोंडावर सोडतो. भिंतीबाहेरच्या डब्यातून हवा आत येते असा समज सर्रास आहे, पण त्या दोन नळ्यांतून फक्त गॅस फिरतो. छताचा पंखाही खिडक्या बंद असतील तर नुसती घुसळण करतो.

हवा किती बदलते ते कार्बन डायऑक्साइडच्या मापकानं कळतं. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. वर्ग भरून चाळीस मिनिटं झाल्यावर, बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून लांब ठेवून वाचा. ८०० च्या आत असेल तर छान, हजाराच्या वर गेला तर खिडक्या उघडा, १५०० म्हणजे तिथे वर्ग घेऊ नका. मापक घेताना इन्फ्रारेड सेन्सरचा (एनडीआयआर) घ्या. स्वस्तातले काही मापक वायू मोजतच नाहीत, अंदाज बांधतात. शेजारी सॅनिटायझर चोळलं तरी त्यांचा आकडा उडी मारतो. घेण्याआधी दुकानातच हे करून बघा.

खिडक्या समोरासमोरच्या उघडा, एकाच बाजूच्या चार उघडून फारसं होत नाही. जुन्या इमारतींत दारावरचे झरोके रंगाखाली चिकटून बसलेले असतात. सुताराचा एका दिवसाचा रोज देऊन ते सोडवून घ्या. एक्झॉस्ट दाराला लागून बसवला असेल तर दारातूनच हवा घेतो आणि बाहेर टाकतो, मागच्या बाकांना वारा लागत नाही.

खिडक्या उघडणंच शक्य नसेल तर हेपा (अगदी बारीक कण पकडणाऱ्या) फिल्टरचा प्युरिफायर. हिशेब सोपा : ९ बाय ७ मीटर, उंची साडेतीन, म्हणजे सुमारे २२० घनमीटर. तासाला पाचदा हवा गाळायची तर ११०० घनमीटर. घरगुती प्युरिफायरच्या खोक्यावर ‘सीएडीआर ३००’ (म्हणजे तासाला ३०० घनमीटर हवा गाळून देतो) लिहिलेलं असेल तर चार लागतील. एक आणून कोपऱ्यात ठेवला तर दिवा लागतो, एवढंच. आणि ‘सीएडीआर’ बहुधा सर्वांत वेगवान गतीचा असतो. त्या गतीला आवाज होतो, म्हणून शिक्षक तो मंद करतात आणि हिशेब कोसळतो.

हाताशी वर्कशॉप असेल तर कोर्सी-रोझेन्थल पेटी, म्हणजे पंखा आणि फिल्टर जोडून केलेला घरगुती प्युरिफायर, करून बघा. रिचर्ड कोर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी ही कल्पना २०२० मध्ये मांडली. वीस इंची चौकोनी पंख्याखाली ‘मर्व्ह १३’ दर्जाचे (मर्व्हचा आकडा जितका मोठा, तितकी गाळणी बारीक) चार फिल्टर चार बाजूंना, तळाला पुठ्ठा, पंख्याचं तोंड वर, सांधे चिकटपट्टीनं बंद. फिल्टरवरचा बाण आतल्या दिशेला हवा. पंख्याच्या जाळीचे चार कोपरे पुठ्ठ्यानं झाका, नाहीतर तिथून हवा उलटी आत शिरते. आपल्याकडे चौकोनी पंखा सहज मिळत नाही. गोल पंखा वापरला तर कडेची फट नीट बुजवा आणि पहिल्या दिवशी मोटार फार तापते का ते हात लावून बघा.

एन-९५ मास्क किती दिवस वापरावा?
— पीएच.डी. विद्यार्थिनी, गोवा

पाच मास्क घ्या, वारांप्रमाणे एकेक वापरा, मधल्या दिवसांत कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहतो. प्रत्येकाचे साधारण पाच वापर, पण पट्टा सैल झाला किंवा मास्क भिजला-मळला तर आधीच फेका. धुवायचा नाही, सॅनिटायझर फवारायचं नाही, कारण कण पकडणारा विद्युतभार त्यानं जातो. घातल्यावर दोन्ही हात मास्कवर धरून जोरात उच्छ्वास टाका. चष्म्याकडे किंवा गालांवर वारा लागला तर नाकाची पट्टी पुन्हा दाबा. व्हॉल्व्हचा मास्क नको, बाहेर पडणारा श्वास तो गाळत नाही.

ब्लीचिंग पावडर किती घालावी? कोणी मूठ सांगतं, कोणी वाटी.
— सफाई पर्यवेक्षक, सोलापूर

मूठही नको, वाटीही नको. वजनकाटा आणा. ताज्या पावडरीत साधारण ३० टक्के क्लोरीन धरा. फरशी, कठडे, दारांच्या कड्या यांना ०.१ टक्का पुरतो : दहा लिटरच्या बादलीला ३३ ग्रॅम. संडास आणि उलटी-शौचानं माखलेल्या जागेला १ टक्का : एका लिटरला ३३ ग्रॅम. पाच टक्क्यांचं द्रव हायपोक्लोराइट असेल, तर ०.१ टक्क्यासाठी दहा लिटर पाण्यात २०० मिलिलिटर. १ टक्क्यासाठी एक भाग औषध, चार भाग पाणी.

आधी साबणाच्या पाण्यानं पुसा, मग हे लावा. मळ असला की क्लोरीन मळातच खर्च होतं. दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसा. लिफ्टची बटणं, नळ, संगणक यांना ७० टक्के अल्कोहोल, ब्लीचनं धातू खातो. द्रावण रोजचं रोज करा. पावडरीचं पोतं उघडं राहिलं की जोर उतरतो, गोळे झालेली आणि वास गेलेली पावडर मोजून घालण्यात अर्थ नाही.

आणि एक जिवावरची गोष्ट. संडासात ॲसिड टाकून लगेच ब्लीच ओतू नका. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू सुटतो आणि दार बंद असेल तर माणूस तिथेच गुदमरतो. दोन्हींचे डबे वेगळ्या खोल्यांत ठेवा, त्यांच्या बादल्यांचे रंगही वेगळे असू द्या.

परीक्षा घ्यायचीच असेल तर?
— परीक्षा विभाग, खानदेश

सप्टेंबर २०२० मध्ये ‘नीट’च्या एका खोलीत २४ ऐवजी १२ जण बसवले होते, केंद्रंही वाढवली होती. तेच करा. गर्दी होते ती फाटकावर आणि बैठक क्रमांकांच्या फलकापाशी. क्रमांक आदल्या दिवशी फोनवर पाठवा, येण्याच्या वेळा वीस-वीस मिनिटांनी लावा. तापाच्या मुलासाठी वेगळी खोली आणि एक पर्यवेक्षक राखून ठेवा, त्याला परत पाठवू नका. पेपर झाल्यावर ‘सुटलो’ म्हणून जो घोळका जमतो त्याचाही बंदोबस्त करा. धारवाडच्या एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयात नोव्हेंबर २०२१ मध्ये २८० च्या वर जण पॉझिटिव्ह आले, ते एका समारंभानंतर. त्यांतल्या बहुतेकांनी लशीचे दोन्ही डोस घेतलेले होते, म्हणून आजार सौम्य राहिला.

चार महिने बंद असलेलं वसतिगृह पुन्हा उघडायचं आहे. रंगरंगोटी झाली. आणखी काय?
— स्थापत्य विभाग, कोकण

पाणी. टाक्या उपसून, घासून, क्लोरीन घालून भरा. मग वरच्या मजल्यापासून खाली येत प्रत्येक नळ आणि शॉवर, पाइपातलं जुनं पाणी निघून ताजं येईपर्यंत सोडा. गिझरमधलं पाणी पूर्ण काढून टाका. साचलेल्या कोमट पाण्यात लीजनेला नावाचा जिवाणू वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुफ्फुसात जातो. नळ सोडताना त्या माणसाला मास्क द्या, खिडकी उघडी ठेवा. टाकीची झाकणं आणि गच्चीवरचे डबे तपासा, नाहीतर साथीच्या जोडीला डेंग्यू येईल.

दुसरं, नहाणीची जाळी. तिच्याखालच्या वाकड्या नळीत (ट्रॅप) पाणी उभं असतं, ते ड्रेनेजची हवा अडवतं. खोली महिनाभर बंद राहिली की ते सुकतं. २००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स या श्वसनाच्या आजाराचे ३०० हून अधिक रुग्ण झाले. सुकलेले ट्रॅप हे तिथे आजार पसरण्याचं एक कारण ठरलं, बाथरूमचे एक्झॉस्ट त्या जाळीतून ड्रेनेजची हवा आत ओढत होते. तेव्हा प्रत्येक जाळीत मगभर पाणी ओता. जी खोली रिकामी राहणार असेल तिच्यात दर आठवड्याला ओता, आणि ते कोण ओतणार त्याचं नाव खोलीच्या दारामागे लिहून ठेवा.